एन्लार्ज, वायडन आणि मामा

माझ्या बायकोचे थोरले मामा, म्हणजे माझे मामेसासरे, यांच्याइतका इंग्रजी शब्दांना जीव लावणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा नसेल. त्यांची उभी हयात केजच्या एका शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली. त्यातही 'मोठं करणे' या अर्थाच्या शब्दांवर त्यांचा विशेष लोभ. फोटो एन्लार्ज होतो, रस्ता वायडन होतो, धंदा एक्स्पांड होतो आणि रजा एक्स्टेंड होते. यात कुणी अदलाबदल केली की त्यांना त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा पगार वगैरे इतरांनी विचारलं, मामांनी मात्र 'मोठं करणे'ला किती शब्द येतात एवढंच विचारलं. मला दोन आले. मुलीला मी पसंत होतो म्हणून निभावलं.

केजच्या जीपमध्ये ड्रायव्हर एकदा म्हणाला, "सरका जरा, जागा व्हईल." मामा तीन माणसांच्या मधोमध अडकून त्याला समजावत होते की जागा एक्स्पांड होत नसते, माणसं कॉम्प्रेस होतात. ड्रायव्हरने मान डोलावली आणि चौथा बसवला. पुढे एका तपासणीत त्यांचं लिव्हर एन्लार्ज झाल्याचं निघालं, तर डॉक्टरांनी शब्द किती अचूक वापरला हे ते आठवडाभर लोकांना सांगत हिंडले. औषध काय दिलंय, हे मामींना चिठ्ठी घेऊन मेडिकलवाल्याला विचारावं लागलं.

निवृत्तीनंतर ते घाटनांदूरला राहायला आले. मागच्या वर्षी तिथे घरासमोरचा रस्ता रुंद करायची नोटीस आली. मराठी मजकूर ठीक होता, पण खाली इंग्रजीत 'रोड एन्लार्जमेंट' छापलेलं. गल्लीतल्या सगळ्यांच्या पायऱ्या आणि ओटे जाणार होते. मामांची तर सबंध ओसरी जाणार होती, आणि मामींची दुपार त्या ओसरीतच जायची. हरकत नोंदवायला गल्ली कचेरीकडे निघाली, सगळ्यांत पुढे मामा. मीही सोबत होतो. साहेबांनी विचारलं, हरकत कशाला? मामा म्हणाले, "शब्दाला. फोटो एन्लार्ज होतो साहेब, रस्ता नाही." साहेबांनी एकदा नोटिशीकडे, एकदा मामांकडे पाहिलं आणि मुकाट्याने लिहून घेतलं.

त्यानंतर सात-आठ महिने काम हललं नाही. कारण देव जाणे, पण सरांनी इंग्रजीतून अशी मेख मारली की रस्ताच अडला, असं गल्लीने ठरवून टाकलं. शाल-नारळ घेऊन मंडळी घरी आली. मामा अवघडून सांगत राहिले की आपण रस्त्याला नाही म्हटलंच नव्हतं, रस्ता तर व्हायलाच हवा. लोकांना तो विनय वाटला. त्यांनी शाल खांद्यावर घालूनच सोडली.

पंधरा दिवसांनी नवी नोटीस आली. तिच्यात 'वायडनिंग' होतं. मामांचा चेहरा असा खुलला की बस. मामींना हाक मारून ते मोठ्याने वाचून दाखवायला लागले, आणि वाचता वाचता, आपल्या घराचा नंबर आला तिथे त्यांचा आवाज खाली आला.

ओसरी अर्ध्या दिवसात गेली. त्या आठवड्यात मी भेटायला गेलो, तर दार थेट रस्त्यावर उघडत होतं. मामी आत पाटावर बसून मेथी निवडत होत्या. रागाचा सूर नव्हता, मान वर न करताच त्यांनी विचारलं, "घर ल्हान झालं आपलं. ह्याला इंग्रजीत काय म्हन्त्यात?"

मामांना पाच शब्द तरी येत असणार. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. ते मामींच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले, अर्धी जुडी आपल्याकडे ओढली आणि पानं खुडायला लागले.

"देठ घिऊ नका," मामी म्हणाल्या.

मामांनी सगळे देठ एकेक करून बाजूला काढले.