फाटकाची दोरी

म्युनिकजवळच्या एका खेड्यात आम्ही डिझाइनचे सहा विद्यार्थी ‘ग्रामीण समाजाकडून शिकायला’ गेलो होतो. सासवडला मावशीच्या गोठ्यात नाकाला रुमाल लावणारा मी, इथे शेणाचा वासही वहीत टिपून घेत होतो.

गोठ्याची मालकीण सत्तरीची. बोलता बोलता थांबायची, पण तिचे हात थांबत नसत. येता-जाता फाटकाची दोरी सोडायची आणि पुन्हा तीन वेढे देऊन बांधायची. आम्हाला हर्षवायूच झाला. युजरचा त्रास सापडला होता! तासाभरात मी एका बोटाने उघडणाऱ्या कडीचं चित्र काढून तिच्यापुढे धरलं.

एप्रनला हात पुसून तिने ते नीट पाहिलं. “गेनाऊ, अगदी बरोबर,” ती म्हणाली, “गेल्या वर्षीची मुलं अशीच कडी बसवून गेली होती. फार सोपी होती. गायी जिभेने उघडायच्या.”

रिपोर्टमध्ये आम्ही त्या दोरीला ‘स्थानिक प्रज्ञा’ म्हटलं आणि गाठीचे चौदा फोटो जोडले. प्रोफेसर खूश झाले. फोटोंत बाईंची फक्त बोटं दिसतात. त्यांचं नाव इथे लिहिलं असतं, पण आम्हा सहाजणांपैकी कुणी ते विचारलंच नव्हतं.