ओढणीला टाचलेला कागद

वहिनींनी माझ्या ओढणीला सेफ्टी पिनेनं कागद टाचला. बालवाडीतल्या पोरांना रुमाल टाचतात तसा. त्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'गॅस बंद केला का?' मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

"संध्याकाळपर्यंत काढायचा नाही," वहिनी म्हणाल्या. "कुणी आलं तरी."

वहिनींच्या वसईतल्या फ्लॅटमध्ये मी स्वयंपाकाला आणि वरकामाला होते. दोन हजार चार-पाचची गोष्ट. चूक माझीच होती. दूध उतू गेलं होतं, त्या आठवड्यात दुसऱ्यांदा. दूध गॅसवर ठेवलं, तेवढ्यात वाळत घातलेले कपडे आठवले. कपडे काढताना कुंड्यांना पाणी घालायचं आठवलं. दूध डोक्यातून गेलंच. माझं सगळंच असं. दहावीच्या गणिताच्या पेपरात शेवटचं पान उलटायचं विसरले आणि नापास झाले. बापानं पट्ट्यानं मारलं. आमचं घर मिठागरावर राबणारं. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "मिठागरवाल्यांच्या डोक्यात मीठच भरलेलं." मला ते खरं वाटायचं. आजही रडू येतं ते त्याचं. माराचं नाही.

तो शनिवार होता. शनिवारी मुंबईहून एक मॅडम यायच्या. वहिनींची मुलगी सातवीत होती, तिला एडीएचडी होता, म्हणजे लक्ष एका जागी टिकायचं नाही. मॅडम तिच्या कोच. तिच्या खोलीत त्यांनी थर्माकोलवर रंगीत तक्ता लावला होता. दप्तर भरलं का, डबा घेतला का, दिवा बंद केला का. केलं की चांदणी. विसरली तर कुणी ओरडायचं नाही, असा मॅडमचा नियमच होता.

मी चहाचा ट्रे घेऊन त्या खोलीच्या दारात उभी होते. मॅडम वहिनींना समजावत होत्या, "ती मुद्दाम नाही करत. कळतं तिला, पण ऐन वेळी निसटतं. काम तोडून द्या, एका वेळी एकच. शिक्षा करून पोर नुसती खचते."

कुणीतरी जणू माझ्याबद्दलच बोलत होतं, आणि पहिल्यांदाच शिवी न देता.

"मॅडम," मी म्हटलं, "ह्ये मोठ्या मानसाला पन असतं का?"

वहिनी हसल्या. "अगं, तिला एडीएचडी आहे. तू वेंधळी आहेस."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. कागद वाचला. मग फाईल उघडली. वहिनींचं एक वेळ सोडून दिलं असतं. मॅडमना तर सगळं माहीत होतं!

मी ट्रे खाली ठेवला. पिन काढली आणि तो कागद मुलीच्या तक्त्याखाली टोचला.

"याला पन चांदनी द्या," म्हटलं, आणि चपला घालून निघाले. उरलेला पगार मागायलाही परत गेले नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मिठावर यायचीस तवा मी तुला येकच वाफा द्यायची. दोन दिले का तुझं मन भरकटायचं. येकच दिला का सगल्यांच्या आधी मीठ वढून मोकली व्हायचीस."

"मग बापाला का नाय सांगितलंस?"

आईनं सूप खाली ठेवलं. "माझं कोन ऐकनार होतं?"

मला तिचा राग आला. तिची कीवही आली. एवढं मोठं शहाणपण तिच्याकडे होतं, आणि मार मी खात होते.

आता मी जवळच्या कामण गावात एका गोदामात पॅकिंगला आहे. अजून विसरते. मुकादम बोलतो, मी उलट बोलते. आमच्या आळीतली एक पोरगी अगदी माझ्यासारखी आहे. रविवारी मी तिला ओट्यावर घेऊन बसते. एका वेळी एक गणित, बाकीचं पुस्तक झाकून. परवा वही विसरली म्हणून तिच्या मास्तरांनी तिला अंगठे धरून वर्गाबाहेर उभं केलं. ती म्हणते, आता शाळेत जायचंच नाही.

उद्या मी खाडा करून तिच्या शाळेत जाणार आहे. तिचा हात धरून. मास्तर ओरडोत, नाहीतर मुकादम कामावरून काढो. ती पोर बाकावर बसल्याशिवाय मी त्या वर्गाच्या दारातून हलणार नाही.