दुसऱ्या रक्तासाठी परत येणाऱ्या उत्पलाताई

आरंभीच एक तक्रार नोंदवून ठेवतो. गौरवग्रंथात तक्रारीला जागा नसते हे मला ठाऊक आहे. संपादक मंडळाने पत्रात तसे सौम्य शब्दांत सुचवलेही आहे. पण अठरा वर्षे मनात धरून ठेवलेली गोष्ट षष्ट्यब्दीच्या निमित्तानेही सांगायची नाही, तर मग कधी सांगायची? भंडाऱ्याच्या मे महिन्यात रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटते. अशा दिवसांत डॉ. उत्पला बोरकर यांच्या संशोधन केंद्रात रक्ताचे नमुने जपणारे, उणे ऐंशी अंशांवर चालणारे एक भलेथोरले यंत्र अखंड घुमत असते. आणि त्या यंत्रापासून दहा पावलांवर बसलेल्या मला आजवर एकदाही थंड पाण्याचा पेला मिळालेला नाही. मिळते ते माठातले, तेही बाहेरच्या ओट्यावर. एकदा धीर करून म्हणालो, "ताई, त्या फ्रीजरच्या एखाद्या कोपऱ्यात माझी एक बाटली..."

ताईंनी चष्म्यावरून पाहिले. "पंडित, थ्या फ्रीजरमंधी अख्खा जिल्हा झोपून हाये. त्याच्या बाजूले तुही बाटली ठेवू?"

तक्रार संपली. आता गौरव.

मी नागपूरच्या एका दैनिकाचा भंडाऱ्यातला वार्ताहर. शिक्षण संस्कृत पाठशाळेत झालेले. ज्वराचे आठ प्रकार मला लक्षणांसह तोंडपाठ होते आणि त्यांतला एकही प्रत्यक्षात ओळखता येत नव्हता. अशा विद्वत्तेच्या बळावर, पवनी तालुक्यातल्या एका गावात धान पोटरीवर असताना काही माणसे तापाने पडली, तेव्हा मी बातमी लिहिली: 'गूढ तापाचे तांडव'. 'तांडव' हा शब्द सुचल्याचा मला आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक जीप उभी राहिली. सुती साडी, पायांत रबरी बूट, हातात माझा अंक.

"हे तांडव तुमी पायलं का?"

"म्हणजे... फोनवरून माहिती घेतली."

"गावात गेलते?"

"नाही."

"मंग बसा जीपमंधी."

अशी आमची पहिली ओळख झाली. त्या गावात एका म्हाताऱ्याच्या काखेत त्यांनी मला एक छोटीशी काळी खपली दाखवली, विडीचा चटका बसावा तशी. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, गवतात डोळ्यांना न दिसणारा एक कीडा असतो. तो चावताना तापाचा जंतू अंगात सोडतो; चावला तिथे ही खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत माणूस तापाने फणफणतो. वेळेत ओळखले तर साध्या गोळ्यांनी उतरणारा हा ताप. न ओळखल्यास जीव घेणारा. "कीडा सही करून जाते," ताई म्हणाल्या. "पन सही कुठं केली थे शोधा लागते. काखेत, जांघेत, कमरेच्या गाठीखाली. लोक दाखवत नाईत, डॉक्टर पाहत नाईत, आन् तुमी लिवता गूढ!"

त्या दिवसापासून मी 'गूढ' हा शब्द वापरलेला नाही. 'तांडव' मात्र अधूनमधून निसटतो.

उत्पलाताईंचे बालपण तुमसरात गेले. वडील राईस मिलमध्ये हमाल. पोत्यांच्या थप्पीवर बसून अभ्यास केला, असे कुणी भाषणात म्हणाले की त्या तिथेच दुरुस्ती करतात: "थप्पीवर बसू देत नव्हते. खाली बसत होतो." पुढे शिष्यवृत्त्या, रेण्वीय जीवशास्त्रातली डॉक्टरेट, मोठ्या शहरातल्या सरकारी संस्थेतली प्रयोगशाळा. तिथून त्या स्वतः मागून घेऊन भंडाऱ्याच्या या दोन खोल्यांच्या केंद्रात आल्या. लोक बदली टाळायला अर्ज करतात. यांनी बदली मिळवायला केला. वरच्या कार्यालयाने, काहीतरी चूक झाली असावी असे समजून, तो दोनदा परत पाठवला म्हणे.

त्यांची कामाची रीत एका वाक्यात सांगता येते, आणि ती पाळायला एक आयुष्य लागते. तापाच्या माणसाचे रक्त त्या दोनदा घेतात. पहिले तापात. दुसरे तो बरा होऊन धानाच्या बांधीत निंदणाला लागल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी. पहिले रक्त मिळते. तापलेला माणूस काहीही देतो. दुसऱ्यासाठी कोण थांबतो? "बरा झालो नं बाई, आता काहून टोचता?" हे वाक्य मी त्यांच्याबरोबर हिंडताना इतक्या दारांत ऐकले आहे की मला त्याचे सगळे सूर पाठ झाले आहेत. त्यावर ताईंचे उत्तर ठरलेले: "तापातलं रक्त दुश्मन कोन होता थे सांगते. आताचं रक्त तू त्याले कसा हरवला थे सांगते. दुसरंच मले जास्त पायजे." लोक हसतात आणि हात पुढे करतात. आणि प्रत्येक तपासणीचे उत्तर त्या घरी पोचते. टपालाने नव्हे, समक्ष. हे काम जनतेच्या पैशावर चालते, तेव्हा ज्याचे रक्त त्याला उत्तर, असा त्यांचा सरळ हिशेब.

या रीतीचा अनुभव माझ्याच घरी आला. भाद्रपदात आईला ताप भरला. दोन दवाखाने झाले, सलाइन झाले, ताप हटेना. पाचव्या दिवशी ती मला माझ्या मृत काकांच्या नावाने हाक मारू लागली. मी ताईंना फोन केला. त्या आल्या, मला खोलीबाहेर काढले आणि दहा मिनिटांनी दार उघडून विचारले, "पंडित, माय गवतात कायले गेलती?"

"गवतात? ती कुठे जाते? घरामागून दूर्वा तेवढ्या खुडून आणते."

"हं. गणपतीनं पाठवलं तर."

खपली लुगड्याच्या गाठीखाली होती. ताईंनी तिथूनच सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोलून औषध सुरू करवले. तिसऱ्या दिवशी आई उठून बसली.

आता एक गोष्ट लिहिताना लेखणी अडखळते, पण लिहितो. आमच्या घरात कुणाला कोणत्या भांड्यातून पाणी द्यायचे याचे काही जुने नियम होते. त्या नियमांत ताईंच्या घराण्याला कुठे ठेवले होते, हे वाचकांना समजावून सांगायला नको. पहिल्या दिवशी ताईंना आमच्या घरी कुणी पाणी विचारले नाही. मीही नाही. धांदलीत राहून गेले, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. अठरा दिवसांनी ताई दुसऱ्या रक्तासाठी आल्या, तेव्हा आई ओसरीवर बसून होती. शेजारी देवघरातला तांब्या, घासून लख्ख केलेला. तिने स्वतः उठून पाणी दिले आणि म्हणाली, "त्या दिवशी राहिलं होतं."

ताईंनी तांब्या तोंडाला लावला, रिकामा केला. म्हणाल्या, "गोड हाये वो माय, तुमच्या विहिरीचं पानी. हात द्या आता."

यावर त्यांनी आजवर माझ्यापाशी एक अक्षर काढलेले नाही. वर जी थंड पाण्याची तक्रार केली, ती करण्याचा मला किती अधिकार आहे, हे आता वाचकांच्याही लक्षात आले असेल.

ताईंच्या शास्त्रनिष्ठेबद्दल या ग्रंथात जाणकार लिहितीलच. मी एका चुकीबद्दल लिहितो, कारण त्या चुकीत माझाही वाटा आहे. काही वर्षांपूर्वी त्यांनी गावोगावच्या निरोगी माणसांच्या रक्ताची पाहणी केली. त्यात दिसले की अनेक तरुण सुनांच्या रक्तात या तापाशी लढल्याच्या खुणा आहेत, पण ताप आल्याची नोंद नाही, आणि विचारले तर त्याही नाही म्हणतात. निष्कर्ष निघाला की तरुण स्त्रियांना हा आजार न जाणवताच होऊन जात असावा. मी पहिल्या पानावर मथळा दिला: 'तरुणींना तापाची बाधा, त्रास मात्र नाही'. ताईंचा अहवाल वर गेला आणि तिथेही कौतुक झाले.

पुढच्या वर्षी आम्ही लाखांदूरकडच्या एका गावात होतो. हातपंपावर एक पोरसवदा सून ताईंकडे टक लावून पाहत होती. सासू घागर घेऊन पुढे गेली, तशी ती जवळ आली.

"बाई, तुमी मले ओळखलं नाई?"

"नाई गं. कोन तू?"

"तुमी माह्या माहेरी आलते, पवनीकडं. मी लय तापली होती. मरूनच जात होती. तुमीच गोळ्या देल्या. तवा मी कल्पना होती. आता वैशाली हावो."

"मांगच्या साली तुह्या इथं रक्त घेतलं. ताप आलता का म्हून विचारलं, तर नाई म्हनली?"

मुलीने सासूच्या पाठीकडे पाहिले. "तिच्यासमोर कशी सांगू? आजारी पोरगी गळ्यात मारली म्हनन नं."

ताई तिथेच पंपाच्या ओट्यावर बसल्या. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात आणि माहेरचे दुखणे सासरी सांगत नाहीत. दोन्ही गोष्टी आपल्याला इतक्या ठाऊक, की त्या मोजमापात धरायच्या असतात हे कुणाच्या ध्यानात आले नाही. फ्रीजरमध्ये एकच मुलगी दोन नळ्यांत, दोन नावांनी झोपली होती: एक तापाने मरणाच्या दारी गेलेली कल्पना, दुसरी कधी आजारीच न पडलेली वैशाली. परत येऊन ताईंनी जुन्या वह्या काढल्या. महिनाभर केंद्रात दुसरे काम झाले नाही. अशा अनेकजणी निघाल्या.

"त्यायचं दुखनं आपन पुसून टाकलं, पंडित," त्या म्हणाल्या. "सासरच्यायनं नाई. आपन."

त्यांनी वर लिहून निष्कर्ष मागे घेतला. कुणी विचारले नव्हते. कुणाला कळलेही नसते. त्या वर्षी व्हायची होती ती बढती झाली नाही. मग त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, खुलासा छाप.

"ताई, वर्ष झालं. वाचक विसरले असतील."

"मंग आठवन करून दे."

"संपादक पहिल्या पानावर घेणार नाहीत."

"कोनत्याबी पानावर घे. पन माहं नाव घाल. चूक माही हाये."

खुलासा सहाव्या पानावर, धानाच्या बियाण्याच्या जाहिरातीखाली आला, चार ओळींचा. ताईंनी तो कापून केंद्राच्या दारावर आतल्या बाजूने डकवला. त्यांना आजवर मिळालेली मानपत्रे कुठे आहेत ते मला माहीत नाही. हा कपटा अजून तिथे आहे. त्यानंतर केंद्राच्या प्रत्येक नळीच्या नोंदीत एक रकाना वाढला: 'माहेरचं नाव'. आणि सुनांना प्रश्न विचारायचा तो सासूला पाणी आणायला पाठवून, हा नियम कुठेही लिहिलेला नाही, पण कसोशीने पाळला जातो. त्या वेळी आणलेले पाणी मात्र मला मिळते. ते थंड नसते.

वैशालीचे पुढे काय झाले, असे कुणी विचारील. ती आता त्याच गावात आशा कार्यकर्ती आहे. तापाचा माणूस दिसला की काख-कंबर तपासते आणि ताईंना फोन करते. फोनवर स्वतःची ओळख 'कल्पना बोलतो' अशीच देते.

पुढच्या महिन्यात उत्पलाताई सेवानिवृत्त होत आहेत. कार्यक्रमात शाल असेल, श्रीफळ असेल, आणि माझ्यासारखी माणसे लांबलचक बोलतील. ताईंनी शंभर पावसाळे पाहावेत. धुऱ्यावरून चालताना त्यांचे गुडघे कुरकुरू नयेत. या तापाच्या जंतूची जी वेगवेगळी घराणी त्यांनी आयुष्यभर रक्तातून शोधली त्यांतल्या एकाही घराण्याची त्यांच्यावर सही होऊ नये. आणि दुपारची झोप, जी त्यांनी तीस वर्षे घेतलेली नाही, ती त्यांना सावकाश, हक्काने मिळावी. हे मी मनापासून मागतो. माझी आई असती तर तिने देवघरातला तांब्या पुढे ठेवून हेच मागितले असते.

पण एवढे लिहून थांबलो तर तो खोटेपणा होईल, आणि ताई मला दुसरा खुलासा छापायला लावतील.

परवा केंद्रात गेलो होतो. ताई आणि त्यांची कंत्राटी तंत्रज्ञ जुन्या नळ्यांची यादी तपासत होत्या. ताईंच्या जागेवर अजून कुणाची नेमणूक झालेली नाही. जाहिरात निघेल, असे वरून कळते. तंत्रज्ञाचे कंत्राट ताईंच्या प्रकल्पाबरोबर संपते. वीज गेल्यावर जनित्र सुरू करायला रात्री-अपरात्री ताईच येत, कारण त्या जवळच्या क्वार्टरमध्ये राहतात; ते क्वार्टर आता सोडायचे आहे. मी विचारले, "ताई, मग फ्रीजर कोण बघणार?"

त्यांनी यादीतून मान वर केली नाही. म्हणाल्या, "थेच मी तुले विचारनार होती."

मी अठरा वर्षे बातम्या लिहिल्या. एकदाही या खुर्चीबद्दल लिहिले नाही, कारण तिच्यावर कुणीतरी बसलेले होते.

तेव्हा मला कशाची भीती वाटते ते सरळ सांगतो. येत्या पावसाळ्यात धान पोटरीवर येईल आणि माणसे तापाने पडतील. पहिले रक्त घ्यायला कुणी ना कुणी येईलही. दुसऱ्यासाठी कुणी परत येणार नाही.