परसाकडं वळलं की स्क्रीन काळी

परभणीत मी घरांचे नकाशे काढते आणि घर बांधायच्या आधी गिऱ्हाइकाला ते कॉम्प्युटरवर फिरवून दाखवते. माउस हलवला की आपण दारातून आत जातो, खोल्या बघतो, खिडकीतून ऊन येतं. हे सगळं त्याच क्षणी रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. गेल्या एप्रिलात तेच दगा द्यायला लागलं.

वालूरचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी आले होते. सरांनी आधी दोनदा येऊन नकाशा पसंत केला होता. काकू पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांना कागदावरच्या रेषांतून काही कळत नाही, असं सरांनीच मला सांगितलं होतं. मी हॉल दाखवला, देवघर दाखवलं, आणि स्वयंपाकघरातून परसाकडं वळले तोच स्क्रीन काळी. सॉफ्टवेअर बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच.

दोघांना चहा सांगून मी कामाला लागले. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, नवीन टाकला, त्यात अर्धा तास गेला, फरक पडला नाही. मग वाटलं, कार्ड तापत असेल. कॅबिनेट उघडून ब्लोअरनं धूळ उडवली, टेबलफॅन समोर लावला. तरी स्वयंपाकघरापर्यंत सगळं ठीक आणि पुढं अंधार. शेवटी कॉम्प्युटर जुळवून देणाऱ्या दुकानदाराला फोन करून, कार्ड बदलावं लागेल का, असं विचारलं. त्यानं उलट मलाच विचारलं, नेमकं कुठं गेल्यावर बंद पडतं? दर वेळी एकाच जागी पडत असेल तर बहुतेक कार्ड चांगलं असणार, त्या जागी त्याला न पेलणारं काहीतरी असेल. कार्डाची मेमरी किती भरते ते बघा, म्हणाला.

बघितलं. परसाकडं वळताच मेमरी काठोकाठ भरत होती. तिथं मी चाळीस कडुलिंब लावून ठेवले होते, पान न् पान वेगळं दिसणारे. सगळे काढून टाकले. स्क्रीन टिकली.

काकूंनी मोकळं परस बघितलं, मग ओट्याकडं बोट केलं. सॉफ्टवेअरमधलं घड्याळ मी दुपारी चारवर ठेवलं होतं.

"हे ऊन कुठून यायलंय, ताई?"

"ओट्यावरच्या खिडकीतून. पश्चिमेची आहे ती."

"मंग चारचा चहा ठेवायला उभं राहिलं की सरळ तोंडावर येतंय."

झाडं लावली की सावली पडेल, असं मी म्हणाले.

"झाड मोठं व्हायला लय वर्षं लागतेत," काकू शांतपणे म्हणाल्या. "तवर तिथं मीच उभी राहणार हाय."

ती खिडकी चुकतेय हे मला नकाशा काढतानाच जाणवलं होतं. पण सरांनी पसंत केला म्हणून मी विषय काढला नाही, वरून ऊन झाकायला बाहेर झाडं लावून दिली. हे मी त्या दोघांना तेव्हाच सांगून टाकलं. सर म्हणाले, आपणही घरात कधी विचारलं नव्हतं.

काकू खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. आम्ही ओटा पूर्वेच्या भिंतीला नेला, तिथं नवी खिडकी दिली. सकाळचं ऊन कुठवर येतं ते बघायला त्यांनी माउस स्वतःच्या हातात घेतला. आधी दोनदा भिंतीतून आरपार गेल्या, मग जमलं. गावाकडची एसटी निघायची वेळ झाली, असं सरांनी सांगितलं.

"पुढची बी हाय," काकू म्हणाल्या आणि फिरत राहिल्या.