दुकान कसं चाललंय?

माझा मुलगा कमांडो आहे. लातुरात माझं डाळीचं दुकान आहे. मागं सुट्टीवर आला तेव्हा गल्ल्यावर बसूनच मी विचारलं, "तुमचं काम चालतं तरी कसं?"

त्यानं पोत्यांकडं बोट केलं. "अप्पा, तूर, मूग, हरभरा. तसंच भूदल, नौदल, हवाई दल. एरवी ज्याचं त्याचं पोतं येगळं. अवघड कामाला तिन्हींतले निवडक एकत्र येतात आन् हुकूम एकाचाच चालतो. ज्याला जेवढं लागतं, तेवढंच सांगतात."

"आन् आम्हाला कोण सांगतं?"

तो नुसताच तुरीत हात घालून बसला.

मग मीच ओळखलं. एरवी तो फोनवर आईशीच बोलतो. मोहिमेवर निघताना मात्र फोन मला द्यायला लावतो आणि विचारतो, "दुकान कसं चाललंय?" त्यानंतर त्याचा फोन बंद. मी गिऱ्हाइकांवर खेकसतो, टीव्ही लावतो, बंद करतो, पुन्हा लावतो. बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही.

आज सकाळी ती फोन घेऊन दुकानात आली. "त्याला तुमच्याशी बोलायचंय." मी हात मागं घेतला. "सांग त्याला, मी न्हाई म्हणून."

तिनं फोन कानाला लावला, "न्हाईत ते," म्हणाली, ऐकलं आणि हसली.

"बघा, पोराला तुमच्या दुकानाची किती काळजी हाय!"