खाटेवरचं नाव

सत्तर-बहात्तरच्या सुमाराला मी कागलजवळच्या एका खेड्यात सरकारी दवाखान्यात नर्स होते. बाळंतिणीला खाट म्हणून नव्हती. फरशीवर पोतं अंथरायचं आणि देवाचं नाव घ्यायचं.

एका दुपारी कोल्हापूरहून आलेल्या टेम्पोतनं नवीकोरी लोखंडी खाट उतरली. मागोमाग गावातलीच एक शेतकरीण आली, डोईवरचा पदर सावरत. तिची लेक आमच्याच फरशीवर बाळंत झाली होती, ऐन थंडीत. कानातल्या बुगड्या मोडून तिनं ही खाट करवून घेतली होती.

"शिस्टर, माझं नाव कुणाला सांगू नका. मालकांस्नी ठावं न्हाय."

झालं! नावाशिवाय सरकार देणगी घेईना. देणाऱ्याचं नाव फळ्यावर लावायचं, कुणाची हरकत येते का बघायचं, मग वरून मंजुरी. तोवर वस्तूला हात लावायचा नाही. एखाद्या ठेकेदारानं देणगी देऊन दवाखान्याला मिंधं करू नये म्हणून हा नियम. आणि त्यात सापडली कोण, तर ही! खाट व्हरांड्यात गोणपाटात बांधलेली आणि आत बाया फरशीवर कळा देतायत. माझा जीव नुसता जळायचा. नाव लावावं तर हिची घरात धडगत नाही, खाट परत पाठवावी तर त्या बायांचं काय? नियम करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा मी उद्धार केला, पण मनातल्या मनात. नोकरी होती ना.

शेवटी तीच म्हणाली, "लावा. व्हायचं ते व्हईल."

दुसऱ्या दिवशी नवरा पाय आपटत आला. बुगड्या गेल्याचा राग होताच, पण फळ्यासमोर चार माणसं खाटेचं कौतुक करत उभी होती. ते ऐकून गडी नरमला. मिशीवर हात फिरवत डॉक्टरांना म्हणाला, "बायकू दान करतीया, आणि मी काय मेलोय व्हय? माझं नाव घाला की!"

"ज्यानं दिलं त्याचंच नाव, असा नियम आहे," मी म्हटलं.

डॉक्टर माझ्यावरच उखडले. "शिस्टर, ह्यानं हरकत घेतली तर खाट परत जाईल. तुम्हाला खाट पाहिजे का नियम?"

आत एक पोर विव्हळत होती. मी फळ्यावरचं तिचं नाव पुसलं. अजून आठवलं की संताप होतो. मंजुरी आली, आणि नवऱ्याचं नाव तांबड्या रंगात खाटेच्या उशाशी आलं.

दिवाळीनंतर ती तापानं फणफणून आली. मी तिला त्याच खाटेवर निजवलं. तिला वाचता येत नव्हतं. ती अक्षरांवरनं बोट फिरवायला लागली, तेव्हा मला राहवलं नाही.

"मावशी, ह्यात तुमचं नाव नाही हो."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "असतं तर कुठं असतं, तेवढं दावा."