सरजाकाकूकडचे पाव्हणे

सरजाकाकू कोकरांचे मुके घेते, असा आमच्या वाडीत एक समज होता. ती मुके घेत नसे, वास घेत असे. चैत्र लागला की रोज सकाळ-संध्याकाळ एकेक कोकरू उचलायचं, उताणं करायचं आणि त्याच्या बेंबीला नाक लावायचं, हा तिचा नेम. निळी माशी ओल्या बेंबीवर बसून अंडी घालते, त्यांच्या अळ्या होतात आणि कोकराला आतून पोखरतात. त्या डोळ्यांना दिसायच्या आधी त्यांचा गोडसर कुजका वास येतो. तो वाडीत फक्त काकूला येई. बाकीच्यांना सगळ्याच मेंढ्यांचा सारखाच वास येई आणि तो त्यांना पुरेसा वाटे.

उन्हाळ्यात ती मेंढ्यांची लोकर कातरू देत नसे, कानाला खूण करू देत नसे. कात्रीचा एवढासा ओरखडाही माशीला पुरतो. मेंढ्या कोंडायच्या वाडग्यातली लेंडी रोज झाडायची, संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करायचा आणि नव्या कोकराच्या बेंबीला नाळ वाळेपर्यंत हळद-तेल लावायचं. एवढं करणारी ही बाई त्या किड्यांचं नाव मात्र कधी तोंडातून काढत नसे. नाव घेतलं की ते वाढतात, असं सासू सांगून गेली होती. म्हणून त्यांच्या घरात किड्यांना 'पाव्हणे' म्हणत. 'तांबडीच्या खुरात पाव्हणे आलेत' हे वाक्य तिथं कोणाला विचित्र वाटत नसे.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात काकू भाचीच्या लग्नाला पाच दिवस गेली, तेवढ्यात तिची म्हातारी मेंढी व्याली. ही मेंढी म्हणजे काकूनं माहेराहून, गंगाखेडकडून आणलेल्या मेंढ्यांतली शेवटची. बाकीच्या बहात्तरच्या दुष्काळात गेल्या. हिचे दात पडले होते, पुन्हा गाभण राहायची आशा नव्हती. त्यात पाट, म्हणजे मादी कोकरू, झाली. म्हणजे आता माहेरचं काही वाडग्यात राहणार असेल, तर ती ही चार दिवसांची पाट.

काकू परत आली आणि लुगडंही न बदलता वाडग्यात शिरली. मी कुडाशी उभा होतो. पाट आईजवळ उभी होती, पण थानाला तोंड लावत नव्हती. मागचा पाय आपटायची आणि मान वळवून आपल्याच पोटाकडं बघायची. काकूनं तिला उचललं, नाक लावलं आणि नवऱ्याला, म्हणजे लिंबाजीकाकाला, तो तिथं नसताना दोन शिव्या घातल्या.

"हळद-तेल लावतो म्हनले हुते," ती म्हणाली. "वाटी बग, जशीच्या तशी भरलेली हाय."

"सीताफळाचा पाला वाटून लाव की," मी म्हणालो.

"वैशाखात सीताफळाला पाला कुटाय? शिकलास तरी झाडाकडं कदी बगितलं न्हाईस व्हय?"

झाड खरंच खराट्यासारखं उभं होतं. अळ्यांवर घालायच्या टरपेंटाइनची घरातली बाटलीही संपली होती. ते झरीला ढोरांच्या दवाखान्यात मिळे, आणि लिंबाजीकाका झरीच्या बाजारालाच गेला होता. तेवढ्यात आश्रुबा सायकल घेऊन झरीला निघालेला दिसला.

"आश्रुबा, आमच्या मालकाला सांग, घरी पाव्हणे आलेत. काय आनायचं ते त्यांला ठाव हाय. जल्दी या म्हनावं."

आश्रुबा दुसऱ्या आळीचा, त्याला या पाव्हण्यांची ओळख नव्हती. त्यानं निरोप इमानदारीनं पोचवला. पुढचं त्यानंच मला सांगितलं. लिंबाजीकाकानं विचारलं, "कोन पाव्हणे?" हा म्हणाला, "मला तर कोनी दिसले न्हाईत, पर काकू लय घाईत हुती." बायको नुकती लग्नाहून आलेली, घाईत आहे म्हणजे तिच्या माहेरचीच माणसं मागोमाग आली, असं काकानं ताडलं आणि तो हजामाकडं जाऊन बसला.

इकडं काकूनं पाट मांडीवर उताणी धरली. पायातला काटा काढायचा चिमटा कमरेला होताच. तिनं आपल्या पिशवीतली सगळी तंबाखू चुन्याबरोबर मळून बेंबीत दाबली. तंबाखूनं अळ्या वर येत, ती एकेक ओढून राखेत टाकी. मी पाय धरले होते. पहिल्यांदा पाट ओरडत होती. मग ओरडायची थांबली, तेव्हा काकूचा हात जास्त जल्दी चालायला लागला.

"खोल गेलेत," ती म्हणाली. "तंबाखू तितवर जात न्हाई."

दिवस कलला तेव्हा लिंबाजीकाका आला. गुळगुळीत दाढी, टोपी झटकलेली, हातात साखर, चहाची पुडी आणि पावशेर शेव.

"बसलेत कुटं?" त्यानं हळूच विचारलं.

"कोन?"

"पाव्हणे."

काकूनं पाट वर उचलून दाखवली. "हितं बसलेत. घाला त्यांला शेव."

"आता मला काय ठाव? तू म्हनलीस पाव्हणे…"

"किडे," काकू म्हणाली. मग उठून उभी राहिली आणि शेजारच्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "किडे पडलेत. बेंबीत किडे पडलेत. जावा, टरपेंटाइन आना."

काका आश्रुबाची सायकल घेऊन आल्या वाटेनं परत गेला. त्याला सायकल नीट येत नसे, हे नंतर त्याच्या गुडघ्यांवरून कळलं. पण दिवेलागणीला बाटली आली.

काकूनं टरपेंटाइन गोडेतेलात मिसळून कापसाचा बोळा आत ठेवला. खोल गेलेल्या अळ्या वर यायला लागल्या. काका कंदील धरून बसला आणि ती काढत राहिली. शेवटी लिंबोळीचं तेल लावून तिनं जुन्या लुगड्याची पट्टी पोटाला बांधली. काकाला चहा मिळाला. शेव मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पाट बसूनच होती. म्हाताऱ्या मेंढीचं दूध वाटीत काढून काकू ते बोटानं चाटवत होती. तिसऱ्या सकाळी मी गेलो, तर पाट आईखाली गुडघे टेकून थानाला ढुशा देत होती आणि तिचं शेपूट हलत होतं. काकू कुडाला टेकून बघत होती.

"जगली म्हणायची," मी म्हणालो.

"दोन दिस थांब," ती म्हणाली, आणि पुढचं कोकरू उचलून तिनं त्याच्या बेंबीला नाक लावलं.